तेल लागलं का? सिस्मिक सर्व्हेतला माझा अनुभव

भूशास्त्रात एमएस्सी केली तेव्हा वाटलं होतं, नोकरीसाठी गुजरात नाहीतर आसाम गाठावं लागणार. पण पहिलं काम मिळालं ते आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात, सिस्मिक सर्व्हेच्या एका कंत्राटदाराकडे. म्हणजे सुरुंगाचा हादरा द्यायचा आणि जमिनीखालच्या थरांवरून परतणाऱ्या लहरी मोजायच्या. २०१६ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात तेल-गॅससाठी न तपासलेल्या, गाळाचे खडक साचलेल्या खोऱ्यांमधून ४८,२४३ किलोमीटर टूडी (द्विमितीय) सिस्मिक रेषा मोजायचं ठरलं होतं. आमचं काम त्याच धर्तीचं.

प्रश्न सरळ होता. वणी-चंद्रपूरकडे गोंडवाना थर, म्हणजे फार जुने गाळाचे खडक, कोळशासकट वर दिसतात. ते पश्चिमेला बेसाल्टखाली (लाव्हाच्या काळ्या खडकाखाली) कुठवर जातात आणि किती जाड आहेत? थर खोल गाडले गेले तरच त्यातलं सेंद्रिय द्रव्य पुरेसं तापतं. कोळशापासून मुख्यतः गॅसच होतो, त्यामुळे गावात सगळे तेल म्हणत असले तरी आशा गॅसचीच.

जिओफोन, म्हणजे जमिनीतला हादरा टिपणारं यंत्र, लावणं सोपं, शांतता मिळवणं अवघड. सुरुंग उडतो तेव्हा आसपास वारा, ट्रॅक्टर, मोटरपंप काहीच नको. ते हरभऱ्याला पाणी द्यायचे दिवस, त्यात शेतीची लाइन ठरावीक तासच. ती आल्यावर कोणता शेतकरी मोटर बंद ठेवेल? दोन दिवस हुज्जत घालून आम्ही महावितरणचं वेळापत्रकच तंबूत टांगलं आणि लाइन गेली की शॉट घ्यायला लागलो. भूकंपशास्त्राच्या पुस्तकात हे कुठे नव्हतं.

वावरातल्या एका काकांनी विचारलं, "पोट्ट्या, तेल लागलं तं वावर जाईन ना?" म्हटलं, काका, आम्ही फक्त खालचा आवाज ऐकतोय, जमीन घ्यायला कोणी आलेलं नाही. पटलं नाही त्यांना.

खरी अडचण डेटात निघाली. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे लाव्हाचे थर भाकरीवर भाकरी रचावी तसे. प्रत्येकावरून लहर परत फिरते, आपसात घुमत राहते आणि खालच्या थरांचा आवाज त्यात बुडून जातो. म्हणून गुरुत्वमापन आणि मॅग्नेटोटेल्युरिक (जमिनीतून वीज किती सहज वाहते ते मोजणं) जोडीला घेतात. बेसाल्टपेक्षा त्याखालचे गाळाचे खडक वीज सहज वाहू देतात, त्यावरून जाडीचा अंदाज बांधता येतो.

मग येतो हिशेब. गॅस तयार करणारा खडक, तो साठवणारा सच्छिद्र खडक, वरचं झाकण आणि अडवून धरणारी रचना, चारही लागतात, तेही योग्य क्रमाने. प्रत्येकाची शक्यता निम्मी धरली तरी गुणाकार सहा टक्क्यांवर येतो. एक शून्य असेल तर सगळंच शून्य. आणि हा आकडाही फक्त विहीर खणावी की नाही एवढं ठरवायला. गॅस आहे की नाही ते ड्रिलिंगच सांगणार.

नंतर त्या गावी गेलो तेव्हा काकांना हे सांगितलं. ते म्हणाले, "सहा टक्के ऱ्हाऊ दे. तुडवलेल्या हरभऱ्याचे पैसे कवा येतात ते सांग." भरपाईची यादी माझ्याकडेच होती. तिथूनच ऑफिसला फोन लावला.