उलुरू: न चढलेला डोंगर

महिनाभर मेलबर्नला ताईकडे होते. भाच्याच्या शाळेत कार्यक्रम होता. नाच-गाणी सुरू व्हायच्या आधी बाईंनी कागदावरून वाचलं, की आपण इथल्या मूळनिवासी वुरुंजेरी लोकांच्या भूमीवर जमलो आहोत, त्यांच्या ज्येष्ठांना आमचा मान. मला कोकणातलं गाऱ्हाणंच आठवलं, जागेच्या राखणदाराला घातलेलं. फक्त ‘व्हय म्हाराजा’ म्हणायला कुणी नव्हतं. पुढे तेच शब्द संग्रहालयात आणि विमान उतरतानाही ऐकले. भाच्याला तर पाठच आहेत. मोबाइलवरून नजर न काढता म्हणतो.

“अगं, पूर्वी ही नावं तरी कुणाला माहीत होती?” ताई म्हणाली. तेही खरंच. ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयाच्या 1992 च्या माबो निकालापर्यंत कायद्याच्या लेखी गोरे येण्याआधी ही जमीन कुणाचीच नव्हती. पण रोज हा मान ऐकणाऱ्या याच देशाने 2023 च्या सार्वमतात, मूळनिवासींचं सल्लागार मंडळ राज्यघटनेत घालायला सुमारे 60 टक्के मतांनी नकार दिला. आमच्या गाऱ्हाण्यात निदान कोंबडा तरी द्यावा लागतो!

मग आम्ही उलुरूला गेलो, ऑस्ट्रेलियाच्या मधोमध वाळवंटात उभा असलेला तो प्रचंड लाल खडक. पहाटे गाडीतून उतरलो तेव्हा तो जांभळट होता, चहाचा कप संपेस्तोवर विस्तवासारखा झाला. पश्चिमेच्या अंगावर एक फिकट पट्टा वर चढत गेलेला दिसतो. लाखो पर्यटकांच्या बुटांनी घासलेली जुनी वाट. ‘चढू नका’ असं तिथले मूळनिवासी आनंगू लोक वर्षानुवर्षं सांगत होते. 26 ऑक्टोबर 1985 ला उलुरू त्यांच्या नावावर झाला खरा, पण त्याच दिवशी 99 वर्षांच्या भाडेपट्ट्याने सरकारकडे परत गेला आणि चढाई चालूच राहिली. ती बंद झाली 2019 साली, त्याच तारखेला. उलुरूच्या राष्ट्रीय उद्यानाच्या मंडळात आनंगूंचं बहुमत आहे, ठराव त्यांनी केला. तिकिटाच्या पैशातला चौथा हिस्साही त्यांना जातो.

पायथ्याशी एका वळणावर पाटी होती: इथून पुढे फोटो काढू नयेत. भाच्याने न सांगता मोबाइल खिशात घातला. कपारीत काय होतं ते मीही लिहीत नाही.

परतीच्या विमानात उतरताना पुन्हा तीच घोषणा.

“मावशी, मग वुरुंजेरींना काय परत दिलं?”

मी ताईकडे पाहिलं. तिच्या घराचे अजून बावीस वर्षांचे हप्ते बाकी आहेत. ती खिडकीबाहेर बघत होती.