तुम्ही विचारलंत म्हणून: कव्हरातल्या बंदुकीला गंज का चढतो?

पावसाळा सरत आला की बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातल्या पीकरक्षणाचा परवाना असलेल्या घरांतून मला हमखास एक प्रश्न येतो. "ठासणीची बंदूक चांगल्या कातडी कव्हरात घालून ठेवली होती, तरी गंज कसा चढला?" कन्नड शेजारी गंजाला 'तुक्कु' म्हणतात, पण प्रश्न तोच.

कव्हरात ठेवली म्हणूनच चढला.

आपल्याकडचं कातडं, ज्याच्या कोल्हापुरी चपला अथणी-निपाणीकडे होतात, ते बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावतात. हिरडा आणि लोखंड एकत्र आले की काळी शाई होते, हे जुन्या माणसांना ठाऊक आहे. त्यात कातडं हवेतली ओल ओढून धरतं. कणकुंबी-जांबोटीकडच्या पावसात घरातलं मीठसुद्धा पाझरतं, तिथं कव्हर कोरडं कसं राहील?

वडील गेले त्या वर्षी मी त्यांची बंदूक पुसून, कव्हराला तेल चोळून, आत सरकवून खुंटीला टांगली. गणपतीत काढली, तर कव्हराची शिवण नळीला जिथं टेकली होती तिथं तांबडी रेघ उठली होती, टाक्याला टाका. गंज निघाला, पण खड्डे राहिले. आजही डोळे मिटून नख फिरवलं तरी ती शिवण लागते. मला त्याचं फार वाईट वाटतं.

दुसरं कारण नळीच्या आत असतं. काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक. तिचा निम्म्याहून जास्त भाग जळूनही घनच राहतो. काही धुरातून जातो, उरलेला काट होऊन नळीत बसतो. त्या काटात क्षार असतात आणि ते पाणी ओढतात. म्हणून बार काढला त्याच संध्याकाळी नळी धुवायची, आणि धुवायची ती पाण्यानं. इथं लोक दचकतात. "पाणी घालतासा काय नळीत?" होय, पाणीच. रॉकेलनं क्षार विरघळत नाहीत, नुसते तेलकट होतात.

आधी गज आत सोडून नळी रिकामी आहे का बघा: गज आत किती जातो ते बाहेरून नळीला लावून ताडायचं. मग निपल, म्हणजे ज्यावर पेटवायची टोपी बसते ती बारीक नळी, काढा, नळीचं बूड कढत पाण्याच्या बादलीत ठेवा आणि गजाला चिंधी गुंडाळून पिचकारीसारखी वरखाली करा. पहिलं पाणी काळं येतं, सडक्या अंड्याचा वास मारतं. पाणी स्वच्छ येईपर्यंत बदलत राहा. कढत पाण्यानं नळी इतकी तापते की पुसल्यावर उरलीसुरली ओल आपोआप उडते. ती गरम आहे तोवरच मशीनचं पातळ तेल फिरवा. थांबलात तर तेवढ्या वेळातही लाली धरते. खोबरेल नको, थंडीत गोठतं आणि पुढे खवट होतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा चिंधी घाला. तांबूस आली तर पुन्हा तेल. आणि पुढचा बार भरण्याआधी ते तेल पुसून काढायला विसरू नका.

हॉलस्टरमधल्या, म्हणजे कमरेच्या कातडी म्यानातल्या, काळ्या दारूच्या रिव्हॉल्व्हरला, अगदी कोल्टच्या 1851 च्या 'नेव्ही' मॉडेललाही, हेच लागू. उलट तिथं काम जास्त, कारण चक्राची सहाही घरं, सहा निपल आणि मधला दांडा, सगळीकडे काट बसतो. वर हॉलस्टर अंगाला घट्ट, म्हणजे कातडं धातूला सगळीकडून चिकटलेलं. हॉलस्टर बाळगण्यापुरतं, घरी आल्यावर हत्यार बाहेर काढायचं.

खंडेनवमीचंही सांगायला हवं. पूजा जरूर करा, आम्हीही करतो. पण ओलं हळदकुंकू आणि झेंडूचं पाणी रात्रभर नळीवर राहू देऊ नका. आमच्याकडे आता बोटं दस्त्याला लावतात, आणि आरती झाली की आई स्वतः तेलाची चिंधी हातात देते.

पावसाळाभर दर अमावस्या-पौर्णिमेला मी बंदूक कपाटातून काढून पुसतो. नळीचं तोंड खाली करून ठेवतो, म्हणजे तेल लाकडात उतरत नाही. वडिलांचं कव्हर दुसऱ्या खोलीत खुंटीला आहे, आत वर्तमानपत्राचे बोळे भरून. बंदूक पुसून झाली की तेही बदलतो.