मामा म्हणाले होते, जॉब गरम आहे

भोसरी एमआयडीसीत सीएनसी टर्निंगवर (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या लेथवर) आठ वर्षं ऑपरेटर म्हणून काढल्यावर मागच्या वर्षी मी शिफ्ट इन्चार्ज झालो. पहिले दोन-तीन महिने मी कसा वागलो ते आज लिहायचंय, कारण ती रात्र अजून डोक्यातून जात नाही.

आमच्याकडे एक मामा आहेत, आळंदीवरून येतात, वारकरी माणूस, ट्रेनी असो की मालक सगळ्यांना माऊली म्हणणार. मी आयटीआय करून आलो तेव्हा मायक्रोमीटर (बारीक माप घ्यायचं साधन) कसा धरायचा, त्याचं रॅचेट किती फिरवायचं हे त्यांनीच माझा हात धरून शिकवलं. तेव्हा मी त्यांचा "बाळा" होतो. इन्चार्ज झाल्यावर एकदम "साहेब" आणि अहो-जाहो सुरू झालं, आणि खरं सांगतो, मला ते आवडायला लागलं होतं.

त्या दिवशी थर्ड शिफ्ट होती. अॅल्युमिनियमचा जॉब, म्हणजे मशीनवर घडवायचा तुकडा, बाहेरचा डायमीटर 100 मिमी, टॉलरन्स म्हणजे चालणारा फरक प्लस-मायनस 20 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिमीचा हजारावा भाग), आणि सकाळी आठला गाडी भरायची होती. मामांनी इन्सर्ट (धातू कापणारी पात) बदलून पहिला पीस काढला. त्यात जॉब थंड ठेवणाऱ्या कूलंटचं प्रेशर त्या रात्री कमीच येत होतं. मी घाईघाईत जॉब चकमधून (मशीनच्या पकडीतून) काढल्या काढल्या मोजला तर 100.04. म्हणलं मोठा आहे, 40 मायक्रॉन कमी करा.

मामा हळूच म्हणाले, "साहेब, जॉब गरम आहे, जरा थंड होऊ द्या, मग बघू."

एवढंच म्हणाले. मी चार जणांसमोर ओरडलो, "मामा, आता मला शिकवू नका, ऑफसेट मारा." ते काहीच बोलले नाहीत. बटणावर त्यांचं बोट क्षणभर थांबलं होतं ते मला आत्तासुद्धा दिसतं. मग त्यांनी ऑफसेट मारला, म्हणजे मशीनमधलं माप 40 मायक्रॉनने कमी केलं. पुढचा पीस मी तसाच गरम मोजला, बरोबर 100.00 आला, आणि मी रुबाबात पुढच्या मशीनला गेलो.

ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. अॅल्युमिनियम गरम झालं की चांगलंच फुगतं, 100 मिमीचा जॉब 17-18 डिग्रीने जास्त गरम असला की साधारण 40 मायक्रॉन मोठा दाखवतो. मोजमाप 20 डिग्रीला धरायचं असतं हे मीच दर महिन्याला नवीन पोरांना सांगतो! म्हणजे मामांचा पहिला पीस एकदम करेक्ट होता, आणि माझ्या ऑफसेटनंतरचे सगळे थंड झाल्यावर 99.96. बाहेरचा डायमीटर बारीक झाला की तो परत वाढवता येत नाही, थेट लाल डब्यात.

सकाळी क्वालिटीवाल्याने चेक केलं, 26 पीस गेले. पण मला त्या 26 पीसपेक्षा जास्त लागलं ते दुसरंच. मामांच्या हाताखालचा ट्रेनी, एकोणीस वर्षांचा पोरगा, खाली बघत म्हणाला, "सर, हाताला मलापण गरम लागत होता, पण तुम्ही मामांना तसं बोललात म्हणून मी गप बसलो."

म्हणजे मी एका माणसाला बोललो आणि अख्ख्या लाईनची तोंडं बंद केली. रात्रभर दोन माणसांना चूक दिसत होती, आणि पीस पडत राहिले.

रिजेक्शन टॅगवर कारणाच्या रकान्यात ऑपरेटर एरर लिहिणं सोपं होतं, बरेच जण तेच करतात. मामांनी तर एक शब्द काढला नव्हता, वरून विचारलं असतं तरी काढला नसता. मी माझं नाव लिहिलं, आणि सातला दोन्ही शिफ्टची माणसं एकत्र उभी होती तेव्हा म्हणलं, मामा मला थांबा म्हणाले होते, मी सगळ्यांसमोर त्यांचा अपमान केला म्हणून माफीपण सगळ्यांसमोरच मागतो. वाकून पायाला हात लावायला गेलो तर त्याआधीच ते माझ्या पायाशी वाकले, आळंदीची माणसं तशीच. दोघांचीही डोकी आपटली. मला रडू आलं, ते लपवता आलं नाही.

वरच्या साहेबांनी झापलं, ते मी ऐकून घेतलं, बरोबरच होतं.

परवा सेकंड शिफ्टला मी मायक्रोमीटर उचलला तर तोच ट्रेनी पोरगा जॉबवर हात ठेवून म्हणाला, "सर, दहा मिनिटं थांबा, अजून गरम आहे."

मी मायक्रोमीटर खाली ठेवला.