इमारत तर हलत नाही, मग इतका वेळ काय करता?

“इमारत काही जागची हलत नाही, मग तुम्ही संध्याकाळी दोन-दोन तास तिथे उभ्या राहून करता तरी काय?” मी मुंबईतल्या जुन्या इमारतींचे संध्याकाळचे फोटो काढते, तेव्हा हा प्रश्न मला घरचे विचारतात, ऑफिसातले विचारतात आणि ओव्हल मैदानाला फेऱ्या मारणारे अनोळखी लोकही ट्रायपॉडपाशी थांबून विचारतात. ज्या पाच-सात मिनिटांसाठी मी तिथे आलेली असते, नेमक्या तेव्हाच बहुतेक वेळा हा प्रश्न येतो आणि मला धड उत्तर देता येत नाही. म्हणून आता सविस्तर लिहिते.

आधी त्या पाच-सात मिनिटांचं सांगते. सूर्य मावळला की मुंबईत आकाशातला उजेड साधारण दर तीन मिनिटांनी निम्मा होत जातो. इमारतीवरचे दिवे मात्र एकदा लागले की तेवढेच राहतात. सुरुवातीला आकाशापुढे दिवे अगदीच फिके वाटतात, अर्ध्या-पाऊण तासाने दिव्यांपुढे आकाश काळंकुट्ट होतं. मधे एक वेळ अशी येते की दोन्ही उजेड तोडीस तोड होतात. दगडाचा पोत दिसत असतो, खिडकीतला पिवळा उजेड जळून पांढरा पडलेला नसतो आणि मागचं आकाश गडद निळं असतं. परदेशी पुस्तकांत या वेळेला ‘ब्ल्यू अवर’ म्हणतात, पण तो तास आपल्याकडे नाही. जूनमध्ये लंडनला सूर्य इतका तिरका उतरतो की क्षितिजाखाली सहा अंश जायला त्याला पाऊण तासाच्या वर लागतो. मुंबई १९ अंश अक्षांशावर, इथे तो जवळजवळ सरळ खाली बुडतो आणि तेवढंच अंतर २२ ते २४ मिनिटांत कापतो. त्यातली कामाची मिनिटं सहा-सात. तेवढ्या वेळात आठ-दहा सेकंदांची एक्सपोजर घ्यायची, म्हणजे तेवढा वेळ कॅमेऱ्याचं शटर उघडं ठेवायचं, प्रत्येक वेळी स्क्रीनवर तपासायचं, तर हातात मोजके फोटो येतात. तेव्हा जागा शोधायला गेलं तर संपलंच. म्हणून फ्रेम उजेड असतानाच लावून ठेवावी लागते.

इथेच दुसरा एक प्रश्नही मिटवून टाकते. “हे निळं आकाश कॉम्प्युटरवर केलंय ना?” नाही. सूर्य क्षितिजाखाली गेला की त्याचा प्रकाश वातावरणाच्या वरच्या थरांतून फार लांबचा प्रवास करून आपल्यापर्यंत येतो. त्या वाटेवर ओझोनचा थर त्यातला नारिंगी-पिवळा भाग शोषून घेतो आणि डोक्यावर निळा उरतो. एडवर्ड हल्बर्ट या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९५३ मध्ये गणित मांडून हे दाखवलं. तो निळा डोळ्यांनाही दिसतो, फक्त आपण त्या वेळी बहुधा लोकल पकडायच्या गडबडीत असतो.

आता ओव्हलकडे येते, कारण मुंबईत हे शिकायला याहून चांगली जागा मला माहीत नाही. मैदानाच्या पूर्वेला राजाबाई टॉवर, विद्यापीठ आणि हायकोर्ट, म्हणजे १९व्या शतकातलं गॉथिक शैलीचं कोरीव दगडी बांधकाम. पश्चिमेला १९३०च्या दशकात उभ्या राहिलेल्या आर्ट डेको इमारतींची रांग. दोन्ही मिळून २०१८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेल्या. वास्तूंबद्दल बोलणारे लोक शैलींचा फरक सांगतात आणि तो आहेच. फोटो काढणाऱ्याला मात्र त्याआधी दिशा दिसतात. सूर्यास्तानंतर पूर्वेचं आकाश आधी काळवंडतं. हवा स्वच्छ असेल तर तिथे क्षितिजालगत एक निळसर करडा पट्टा वर चढताना दिसतो आणि त्याच्या डोक्यावर गुलाबी झाक असते. तो पट्टा म्हणजे पृथ्वीची स्वतःची सावली. पश्चिमेला मात्र उजेड रेंगाळत राहतो. त्यामुळे राजाबाई टॉवरची वेळ आधी भरते आणि आर्ट डेकोची दहा-पंधरा मिनिटांनी. एका संध्याकाळी दोन्ही साधतात, मात्र ट्रायपॉड उचलून कुठे ठेवायचा हे पाच वाजताच ठरलेलं हवं.

टॉवर ८५ मीटर उंच आहे. सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी त्याचा आराखडा केला, तोही मुंबईत पाऊल न ठेवता. काम १८७८ मध्ये पूर्ण झालं आणि पैसे देणाऱ्या प्रेमचंद रायचंद यांच्या आईचं नाव त्याला मिळालं. एवढ्या उंचीसमोर उभं राहिलं की हात आपोआप कॅमेरा वर कलवतो आणि कलवला की मनोरा मागे रेलल्यासारखा दिसतो, दोन्ही कडा वर जाऊन एकमेकींकडे झुकतात. दगडी इमारतीला हे अजिबात शोभत नाही. तिचा भारदस्तपणा सरळ उभं राहण्यातच आहे. उपाय एकच, कॅमेरा पातळीत ठेवायचा आणि मागे सरकत जायचं. पण पातळीत ठेवलेल्या कॅमेऱ्यात क्षितिज बरोबर मध्यावर येतं, म्हणजे खालची अर्धी चौकट नुसती मैदानाची. शिफ्ट लेन्स असेल तर कॅमेरा न हलवता भिंग वर सरकवता येतं, किंवा नंतर खालचा भाग कापता येतो. मला दोन्हीपेक्षा ते मैदान वापरायला आवडतं. माझा निम्मा वेळ त्या खालच्या अर्ध्या चौकटीतच जातो.

कारण तिथे माणसं आहेत. मैदान आडवं कापत एक पायवाट जाते आणि संध्याकाळी फोर्टातली ऑफिसं सुटली की तिच्यावरून चर्चगेटकडे माणसांची रांग लागते. त्यांच्याशिवाय हे मैदान खोटं वाटतं. पण शटर आठ सेकंद उघडं राहिलं तर चालणारा माणूस उरतच नाही. ही गोष्ट फोटोग्राफीइतकीच जुनी आहे. फोटोग्राफीच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक, फ्रान्सचे दागेर यांनी १८३८ मध्ये पॅरिसच्या बुलव्हार द्यू ताँप्ल या रस्त्याचा फोटो काढला. एक्सपोजर काही मिनिटांचं होतं. दिवसाउजेडी गजबजलेला रस्ता त्यात पार रिकामा दिसतो. दिसतो तो एक माणूस, कोपऱ्यावर बुटांना पॉलिश करून घेत उभा असलेला, कारण तेवढा वेळ तोच एका जागी थांबला होता.

तेव्हा माझ्यापुढे रोज प्रश्न असतो की या चाकरमान्यांना किती ठेवायचं. अर्ध्या सेकंदात माणसं फासल्यासारखी दिसतात, फोटो नुसता हललेला वाटतो. दोन ते चार सेकंदांत त्यांची एक फिकट धूसर पट्टी होते, तिच्यात मधेच एखाद्याची पांढरी पिशवी, एखादीचा थांबलेला पाय स्पष्ट उमटतो आणि हातातल्या मोबाइलची बारीक रेघ वाटेवरून तरंगत जाते. पंधरा सेकंदांत सगळं पुसलं जातं. मला चार सेकंद हवे असतात. ‘एफ’चा आकडा म्हणजे भिंगाच्या भोकाचं माप, आकडा मोठा तितकं भोक बारीक. एफ/११ला उजेडाचं गणित आठ सेकंद सांगत असेल, तर एफ/८ करायचं, की चार येतात. क्रिकेटवाल्या पोरांचंही तसंच. चेंडू दिसेनासा होईपर्यंत ती खेळत राहतात. धावणारा गोलंदाज फोटोत येत नाही, पण नॉन-स्ट्रायकरपाशी कमरेवर हात ठेवून उभा असलेला अंपायर हमखास येतो. मी त्याच्याकडे बघूनच त्याची जागा फ्रेममध्ये पक्की करते.

पावसाळ्यात पेच वाढतो. जुलैच्या सुरुवातीला सूर्यास्त सव्वासातच्या पुढे जातो, मैदानावर पाणी साचलेलं असतं आणि मनोरा त्यात उलटा उतरतो. नैर्ऋत्येकडून येणारे ढग आपल्या डोक्यावरून टॉवरच्या दिशेने धावत असतात. शटर अर्धा मिनिट उघडं ठेवलं तर त्यांच्या रेघा होतात आणि त्या दूर जाता जाता मनोऱ्यामागे एकवटतात. वर बघायला लावणारी याहून चांगली रचना हाताने काढता येणार नाही. पण माणसांना चार सेकंद हवेत आणि ढगांना तीस. दोन्ही एका फोटोत बसत नाहीत. काही जण दोन फोटो जोडतात. त्यात गैर काही नाही, पण मी ते करत नाही. एकाच उघड्या शटरमध्ये जे शहर सापडलं तेच मला दाखवायचं असतं, म्हणून त्या दिवशी काय हवं ते आधी ठरवते. ढग धावत असतील तर माणसांवर पाणी सोडते, एनडी फिल्टर, म्हणजे उजेड कमी करणारी गडद काच, भिंगावर लावते आणि मैदानाचा रिकामेपणा मान्य करते. भोक एफ/२२पर्यंत बारीक करूनही सेकंद वाढवता येतात, पण त्यात कोरीवकामाचा रेखीवपणा जातो आणि गॉथिक इमारतीत तो घालवून उरतं काय?

मैदानाच्या कडेची ताडासारखी उंच पामची झाडंही याच हिशोबात धरावी लागतात. त्यांची खोडं स्थिर राहतात, शेंडे वाऱ्याने पुसट होतात. खोड मनोऱ्याच्या कडेला चिकटलं तर दोन्हीची रेषा मरते, म्हणून दोन पावलं डावीकडे, एक पाऊल मागे, असं करत मी मधे आकाशाची एक बारीक फट उघडते. दुरून बघणाऱ्याला वाटत असेल ही बाई उगीच ट्रायपॉड सरकवत बसली आहे. ती बारीक निळी फट नसली तर अंधार पडल्यावर झाड आणि दगड एकच काळा गोळा होतात. शेवटी मनोऱ्यावरचं घड्याळ. तबकडी उजळली की चौकटीतलं सगळ्यात तेजस्वी ठिकाण तेच असतं. तिच्यावरचे आकडे शाबूत राहिले पाहिजेत, ही माझी एक्सपोजरची शेवटची मर्यादा. मिनिटकाट्याची चिंता नसते, पंधरा सेकंदांत तो दीड अंश सरकतो.

मग वळायचं. पश्चिमेच्या इमारतींना वेगळी चौकट लागते. तिथे रेषा आडव्या धावतात, छज्जे, गोलाई घेणाऱ्या बाल्कन्या, रंगाचे पट्टे, त्यामुळे उभी फ्रेम आडवी करते. या राहत्या इमारती आहेत, इथले दिवे घरातली माणसं लावतात. एका मजल्यावर ट्यूबलाइट पांढरी, शेजारी पिवळा बल्ब, वर टीव्हीचा निळसर उजेड. शटर उघडं असताना कुणी गॅलरीतला दिवा लावला तर तो तेवढ्याच सेकंदांचा, अर्धवट तेजाचा उमटतो. यातलं काहीच माझ्या हातात नाही. मी फक्त वाट बघते की चार-पाच खिडक्या एकमेकींपासून बऱ्या अंतरावर उजळाव्यात आणि मागची नारिंगी कड अजून विझलेली नसावी.

सीएसएमटीचं काम निराळं. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांची ती इमारत पश्चिमाभिमुख आहे, म्हणजे समोर उभं राहिलं की आपण पूर्वेकडेच बघतो आणि वेळ लवकर भरते. तिथे पायाशी रस्ता आहे आणि गाड्यांच्या दिव्यांच्या रेघा फोटोत येणारच. त्या मला तळाशी पातळ हव्या असतात. बस गेली की तिच्या वरच्या दिव्यांची रेघ थेट कमानींवरून ओढली जाते. म्हणून सिग्नल बघून शटर दाबायचं, मोटारी सुटल्या की लगेच आणि बस पोहोचायच्या आत बंद. इमारतीवर रंग बदलणारे दिवे सोडले असतील तर दहा सेकंदांत दोन-तीन रंग मिसळून दगडाचा रंग हरवतो. त्या दिवशी मी घुमटाच्या वरच्या भागापुरतीच चौकट घेते.

“मग पूर्ण अंधार झाल्यावर निवांत का काढत नाही?” हेही विचारलं जातं. काळ्या आकाशावर मनोऱ्याची बाह्यरेषा दिसत नाही, दिवे पडलेत तेवढे तुकडे दिसतात. अपवाद पावसाळी रात्रीचा. खालच्या ढगांवर शहराचा उजेड पडून आकाश मातकट नारिंगी होतं आणि त्यावर इमारत नऊ वाजताही उठून दिसते.

स्वतः करून बघायचं असेल तर डिसेंबरात जा. सूर्यास्त सहाच्या आसपास असतो, हवा कोरडी असते आणि ऑफिसं सुटायची वेळ नेमकी निळ्या आकाशाशी जुळते. मोबाइल चालेल, नाइट मोड असलेला. फक्त तो हातात धरू नका, छोट्या स्टँडवर बसवा आणि दोन सेकंदांचा टायमर लावा. स्टँडचे पाय मैदानाच्या मऊ मातीत आधी नीट दाबून घ्या. साडेपाचला पोहोचा, पायवाटेच्या पश्चिम टोकापाशी उभे राहा, आणि टॉवर व झाड यांच्यातली फट सापडेपर्यंत सरकत राहा.