आतल्या टायरला कोण विचारतं

आमच्या आण्णांना ट्रकच्या टायरची हवा आवाजावरून कळायची. सकाळी चहाच्या आधी हातात टॉमी, म्हणजे टायर खोलायची लोखंडी दांडी घ्यायची, गाडीला एक फेरी मारायची, एकेका टायरवर हाणत जायचं, टण्ण वाजला की पुढचा, भद्द वाजला की हवा मारायला चला. तीस वर्षं त्यांनी कराड-चिपळूण आणि कोल्हापूर-मुंबई असंच केलं आणि मीही त्यांच्याच मागं फिरून तेच शिकलो, त्यामुळं 2019 ला मी स्वतःची दहा टायरची गाडी घेतली तेव्हा माझ्याही हातात सकाळी टॉमीच असायची.

त्यांच्या वेळी नायलॉनचे टायर होते, माझ्या गाडीला रेडियल, आत पोलादी तारांचे. हा फरक मला कुणी सांगितला नव्हता, तो शिरवळला कळला.

मे महिना होता, कोल्हापूरचा गूळ भरून वाशी मार्केटला चाललो होतो. खंबाटकीचा बोगदा संपून उतार लागला आणि मागं डाव्या बाजूला तोफ उडाल्यासारखा आवाज झाला. मागच्या जोडीतला आतला टायर गेला होता. जागा थांबण्यासारखी नव्हती म्हणून बाहेरच्या एका टायरवर हळूहळू गाडी पुढं घेतली, दोघांचं वजन एकट्यावर आलेलं, पंक्चरवाल्याकडं पोचेपर्यंत तोही साईडनं फाटला. जोडीच गेली. एकेक टायर वीस हजाराच्या पुढं पडतो आणि त्या खेपेचं भाडं किती होतं ते लिहायला नको.

पंक्चरवाला केरळचा, वयस्कर माणूस, हायवेवर त्याचं आयुष्य गेलेलं. त्यानं आतला टायर रिममधून काढला आणि मला वाकून आत हात घालायला लावला. आत साईडवॉलला सगळीकडून एक काळीनिळी पट्टी पडली होती आणि हाताला रबराचा भुगा लागला, चहा पावडरीसारखा बारीक. म्हणाला हा आज फुटला नाही, कमी हवेवर चालून चालून महिनाभर शिजत होता, आज फक्त सुटला. मी म्हणलं सकाळी कराडला टॉमी मारून बघितलाय की. त्यानं शेजारचा टायर दाखवला, म्हणाला आता ह्याच्यावर मार. टण्ण वाजला. मग हवेचा दाब मोजायचा गेज लावला, 80 पीएसआय दाखवलं. तिथं 110 पाहिजे होतं!

तेव्हापासून टॉमी फक्त जोडीत अडकलेला दगड काढायला. (आणि तो दगड रोज काढायचा, दोन टायरच्या मधे बसला की दोघांच्याही साईड कापत राहतो.)

हवा कमी असली की टायर बसतो, प्रत्येक फेऱ्याला साईड वाकते आणि सरळ होते, त्या वाकण्याची उष्णता रबरात साठत जाते आणि आतल्या तारेला धरलेलं रबर सुटायला लागतं. बाहेरनं काही दिसत नाही, नक्षी चांगली असते, मालक खूश असतो. आणि दहा टायरच्या गाडीत सगळ्यात जास्त हाल कुणाचे, तर मागच्या जोडीतल्या आतल्या टायरचे, कारण त्याचा निप्पल, म्हणजे हवा भरायचं तोंड, चाकाच्या डिस्कच्या भोकातून आत लांब, हात घालायचा तर ग्रीस आणि चिखल, ब्रेकच्या ड्रमची गरमी त्यालाच जास्त, त्यामुळं क्लीनर बाहेरच्या टायरची हवा बघतो आणि आतल्याची 'असंल की' म्हणून सोडून देतो. मी आता लांब दांड्याचा दोन तोंडांचा गेज घेतलाय, तो एका टायरच्या किमतीपुढं काहीच नाही. सगळ्या निप्पलला लोखंडी टोप्या बसवल्यात, प्लॅस्टिकच्या नाही, आणि आतल्या टायरला निप्पल बाहेर आणणारं एक्स्टेंशन लावलं असेल तर त्याच्या सांध्यावर थुंकी लावून बुडबुडा येतो का तेही बघतो, माझी हवा बहुतेक तिथूनच जात होती.

बघायचं सकाळी, गाडी निघायच्या आधी, थंड टायरवर. हे फार महत्त्वाचं आहे कारण दुपारी ढाब्यावर थांबून गेज लावला तर सकाळचे 110 आता 122-125 झालेले दिसतात आणि बरेच ड्रायव्हर भाऊ घाबरून हवा सोडतात. सोडू नका. ती हवा जास्त झालेली नाही, गरम झालीये, टायर बनवणाऱ्यानं ते धरलेलंच असतं. आता सोडली तर रात्री टायर थंड झाल्यावर 95-98 वर येऊन बसणार आणि दुसऱ्या दिवशी तोच टायर कमी हवेवर धावणार. समृद्धीवर मी हे कितीदा बघितलंय, नागपूरपर्यंत सिमेंटचा रस्ता, उन्हाळ्यात तव्यासारखा तापलेला, गाडी एका स्पीडनं तासन्‌तास चालते, टायरला दम घ्यायला मिळत नाही, अशा रस्त्यावर सकाळची हवा बरोबर नसली की दुपारी हिशोब होतोच. नायट्रोजनचं पण सगळे विचारतात. भरा, वाईट काही नाही, पण साध्या हवेतसुद्धा 78 टक्के नायट्रोजनच असतो, आणि नायट्रोजन भरलाय म्हणून गेज लावायचा बंद केला तर फायद्यापेक्षा तोटाच.

लोडचं मात्र मनापासून सांगतो. 2018 ला सरकारनं पासिंग, म्हणजे गाडीसकट मालाचं कायद्यानं चालणारं वजन, वाढवलं, दहा टायरची गाडी 25 टनावरून 28.5 टनावर गेली, मागच्या जोड एक्सलला 19 चे 21 टन झाले, सगळ्यांना आनंद झाला. पण टायरच्या साईडवर लिहिलेला आकडा वाढला का? माझ्या टायरवर 146/143 लिहिलंय, म्हणजे एकटा असेल तर 3000 किलो आणि जोडीत असेल तर 2725 किलो. मागं आठ टायर, गुणाकार केला तर 21,800 किलो. म्हणजे कायद्यात राहून भरली तरी टायरमागं फक्त 100 किलोची सवड राहते, आणि ती पण आठही टायर पूर्ण हवेवर असतील तर. एक जरी नरम असला की त्याचा वाटा शेजाऱ्याच्या खांद्यावर. त्यात कुणी अजून तीन टन 'बसतंय की' म्हणून भरायला लावलं तर मी आता सरळ नाही म्हणतो, भाडं गेलं तर गेलं.

जोडी लावताना दोन्ही टायर सारख्याच घासलेले पाहिजेत. एक नवा एक जुना लावला तर मोठा सगळं वजन उचलतो आणि बुटका रस्त्यावर फरफटतो, दोघेही लवकर संपतात.

पुढच्या टायरला तळहात फिरवायची सवय लावा. नक्षीवरून बाहेरून आत हात न्या, मग आतून बाहेर आणा. दोन्हीकडून सारखा लागला तर बरं आहे. आत जाताना मऊ आणि बाहेर येताना करवतीसारखी धार लागली तर चाकं पुढं आत वळलेली आहेत, उलटं लागलं तर बाहेर. अलाइनमेंटला न्या, तेही पुढच्या चाकांच्या जोडणीतल्या किंगपिन आणि टाय रॉडचा प्ले (ढिलेपणा) बघून झाल्यावर, ढिल्या सामानावर अलाइनमेंट केलेलं कुंभार्ली घाट एकदा उतरलं की परत होतं तसंच.

आणि रिट्रेड, म्हणजे झिजलेल्या टायरवर नवी नक्षी चढवणं. कायद्यानं नक्षी 1.6 मिलिमीटरपर्यंत चालते, खाचेत मधे मधे छोटे उंचवटे असतात त्याच्या लेव्हलला टायर आला की संपला. पण तिथपर्यंत थांबूच नका. पार गोटा करून तार दिसायला लागल्यावर रिट्रेडवाल्याकडं नेला तर तो काय करणार. मी तीन-चार मिलिमीटर असतानाच काढतो, खोका, म्हणजे नक्षीखालचा टायरचा सांगाडा, चांगला असेल तर त्याच्यावर दुसरा जन्म मिळतो, कधी तिसराही. नवीन टायर नेहमी पुढं, रिट्रेड कायम मागं, पुढं कधीच नाही, ह्यात माझ्याकडं तडजोड नाही, कारण पुढचा फुटला की स्टेअरिंग हातात राहत नाही.

आता वही ठेवलीये. प्रत्येक टायरचा नंबर, कधी बसवला, किती किलोमीटरला जागा बदलली, सकाळची हवा. आण्णा आता गाडीवर नसतात पण गाडी दारात उभी असली की वही मागून घेतात. परवा चष्मा लावून बघत बसले होते, मागच्या उजव्या आतल्याची हवा सलग चार दिवस दोन-दोननं उतरलेली त्यांनीच मला दाखवली. नेऊन बघितलं तर ट्यूबच्या निप्पलच्या बुडाशी केसाएवढी चीर होती.