रिकामी खुर्ची

आज सकाळी लॅपटॉप उघडला तर एकही फाइल उघडेना. प्रत्येक फोल्डरमध्ये खंडणीची चिठ्ठी. थोड्या वेळात सूचना आली: नेटवर्कची केबल काढा, वायफाय बंद करा, मशीन मात्र बंद करू नका, मेमरीतले पुरावे जातात.

सर्व्हर सांभाळणारी आमची निम्मी टीम नोकरकपातीत गेली, त्याला महिनाही झालेला नाही. दुपारी कुणीतरी म्हणालं, "बरं झालं, आता कळेल त्यांना." दोघं-तिघं हसले. मला हसू आलं नाही, पण त्यांचा रागही आला नाही. माझ्या शेजारी बसणाऱ्याला तर निरोप घ्यायलाही वेळ दिला नव्हता. बॅकअपमधून डेटा खरंच परत मिळतो का, हे तो दर महिन्याला स्वतः तपासायचा. ते काम नंतर कुणाकडे गेलं, आज कुणालाच सांगता येईना.

कपातीमुळेच हल्ला झाला असं मी म्हणणार नाही. पण २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय हा असाच खंडणी मागणारा व्हायरस पसरला, तेव्हाही तो ज्या फटीतून शिरत होता ती बुजवणारा पॅच, म्हणजे दुरुस्तीचा अपडेट, मार्चमध्येच आलेला होता. कितीतरी ठिकाणी तो बसवलाच गेला नव्हता.

संध्याकाळी शेजारच्या खुर्चीवरच्या त्या सहकाऱ्याचाच मेसेज आला: "काही मदत लागली तर सांग." अजून उत्तर दिलेलं नाही. काय लिहू?