गाठ न मारता

जपानातल्या मात्सुमोतोला गेलो होतो किल्ला बघायला, आणि उभा राहून बघत बसलो गटाराचं झाकण. टोकियोतल्या शिंजुकूहून अडीचेक तास आगगाडीत बसायचं, उतरायचं, त्या काळ्याकभिन्न किल्ल्याकडे चालू लागायचं, आणि रस्त्यात पायाखाली हे: ओतीव लोखंडाचं झाकण, त्यावर नक्षीदार चेंडू, आणि चेंडूंत चक्क रंग भरलेले. त्याचा फोटो काढायला मी खाली बसलो, तेव्हा एक आजोबा सायकलवरून वळसा घालून गेले. त्यांना त्यात काही नवल नव्हतं. हे चेंडू म्हणजे तेमारी, दोऱ्याने भरलेले, आणि या गावाला त्यांचा असा अभिमान की गटारंसुद्धा त्यांनी सजवावीत.

स्टेशनाजवळच्या दुकानात तेमारीचं सामान पिशवीत बांधून मिळत होतं. थर्माकोलचा गोळा, दोऱ्याची रिळं, लांब सुई आणि चित्रं काढलेला कागद. मी ते घेतलं. का घेतलं ते बायकोनेही विचारलं, पण तेव्हा उत्तर सुचलं नाही.

टोकियोत निशिकासाईच्या आमच्या घरात दोन शनिवार खपून पहिला चेंडू तयार झाला. बायकोने तो हातात घेऊन फिरवला आणि म्हणाली, ‘बटाटा छान झालाय.’ थर्माकोलचा गोळा मुळातच गोल असतो. त्याला बटाट्याचा आकार द्यायला कर्तृत्व लागतं.

मग मी शिकवणी धरली. वॉर्डाच्या सभागृहात महिन्यातून दोनदा सेनसेई, म्हणजे आमच्या बाई, शिकवतात. अकरा बायका आणि मी. सगळ्यात तरुण बाई अडुसष्ट वर्षांच्या. मी आत शिरलो तेव्हा त्यांना वाटलं, ट्यूबलाइट दुरुस्त करायला कोणी आलंय.

सेनसेई थर्माकोल वापरत नाहीत. पातळ मोज्याच्या तुकड्यात भाताची तुसं भरायची, मळल्यासारखी दाबून गोल करायची आणि वर लोकर गुंडाळायची. लोकरीवर बारीक शिवणाचा दोरा, लोकरीचा रंग पार दिसेनासा होईतो. ऐकायला हे पाच मिनिटांचं काम वाटतं. दीड तास लागतो. आपण लहानपणी फिरकीवर मांजा गुंडाळला आहे, त्यामुळे हात आपोआप एकाच वाटेने फिरतो. इथे नेमकं तेच चालत नाही. प्रत्येक वेढा नव्या दिशेने गेला पाहिजे, आणि डाव्या हाताने चेंडू सतत कलता ठेवला पाहिजे. एकाच वाटेने चार वेढे गेले की तिथे कंबर आवळल्यासारखी घळ पडते. मी दोऱ्याकडे टक लावून बसायचो, तर सेनसेई म्हणाल्या, ‘खिडकीबाहेर बघा.’ बाहेर बघितल्यावर खरंच बरं जमलं. परीक्षा सोपी असते. चेंडू टेबलावर हलकेच ढकलायचा. सरळ गेला तर पास. माझा बरेच दिवस वळून माझ्याकडेच परत यायचा.

त्यानंतर मोजमाप. फुटपट्टी नाही, कागदाची अरुंद पट्टी. ती टाचणीने चेंडूवर टोचायची, म्हणजे तो उत्तर ध्रुव. पट्टी चेंडूभोवती फिरवून घेर घ्यायचा. घडी घालून निम्म्यावर खाच पाडली की दक्षिण ध्रुव, पाव घेरावर विषुववृत्त. विषुववृत्ताला ते ‘ओबी’ म्हणतात, किमोनोच्या कंबरपट्ट्याला म्हणतात तेच. मग टाचण्यांवरून जरीचा दोरा ताणून चेंडूचे आठ, दहा, सोळा भाग पाडायचे.

एका नक्षीसाठी चेंडूवर बारा जागा सारख्या अंतरावर लागतात, फुटबॉलवरच्या काळ्या पंचकोनांसारख्या. हे अंतर कसं काढायचं? सेनसेईंनी सांगितलं: घेराचा सहावा भाग घ्या, त्यात घेराचा शंभरावा भाग मिळवा. तीस सेंटिमीटर घेर असेल तर पाच सेंटिमीटर आणि वर तीन मिलिमीटर. मी पेशाने इंजिनिअर, असल्या ठोकताळ्यावर माझा विश्वास बसेना. घरी येऊन गणित मांडलं. कोन निघाला ६३.४३ अंश, म्हणजे अंतर ५.२८६ सेंटिमीटर. सेनसेईंचं उत्तर ५.३. फरक दोऱ्याच्या जाडीपेक्षाही कमी. पुढच्या वेळी मी हा कागद मोठ्या उत्साहाने नेऊन दाखवला. त्यांनी चष्मा वर करून तो बघितला, ‘हो का’ म्हणाल्या आणि माझी एक टाचणी उपटून जरा डावीकडे टोचली.

पण मला खरी अडचण आली ती गाठीची.

आईने लहानपणी शर्टाचं बटण लावायला शिकवलं तेव्हापासून हाताला एकच सवय आहे. सुईत दोरा ओवला की टोक बोटाभोवती गुंडाळायचं, अंगठ्याने सरकवायचं, झाली गाठ. गाठीशिवाय शिवण म्हणजे उसवणारच. इथे मी पहिला दोरा ओवून गाठ मारली आणि शेजारच्या बाईंनी ‘आरा’ करून तोंडावर हात ठेवला. सेनसेईंच्या वर्गात गाठ वर्ज्य. सुरुवात करायची त्या जागेपासून दोन-तीन सेंटिमीटर लांब सुई खुपसायची, गुंडाळलेल्या दोऱ्यांच्या थरातून सुरुवातीच्या जागी बाहेर काढायची आणि दोऱ्याचं शेपूट आत गडप होईतो ओढायचं. बस. शेवटही तसाच: सुई आत बुडवून लांब काढायची, दोरा किंचित ताणून कापायचा, टोक आत जातं. खालचे शेकडो वेढे ते धरून ठेवतात. वेढे सैल असतील तर मात्र दोरा सुळकन हातात येतो. माझा आला. पाच वेळा आला. सहाव्यांदा मी चोरून बारीकशी गाठ मारली, तर नक्षीखाली तांदळाच्या दाण्याएवढं टेंगूळ उठलं. सेनसेईंनी चेंडूवरून अंगठा फिरवला, बरोब्बर तिथे थांबल्या आणि काही बोलल्या नाहीत. न बोलण्याची ही जपानी रीत फार लागते. आपल्याकडे कसं, ओरडून मोकळे होतात.

शेवंतीचा नमुना पुरा झाला तेव्हा आईला व्हिडिओ कॉलवर दाखवला. ती सांगलीजवळच्या खेड्यात वाढलेली. नक्षी बघून ‘झकास’ म्हणाली, पण आत काय असतं ते सांगितल्यावर खुलली. ‘अरे, हा तर चिंध्यांचा चेंडू! आम्ही जुन्या धोतराच्या करायचो. वरनं सुतळी. पावसात भिजला की दगडासारखा लागायचा. रबरी चेंडू फक्त पाटलाच्या पोराकडं.’

जपानची गोष्टही फार निराळी नाही. आधी महालांतल्या बायका रेशमाने मढवायच्या, मग एदो काळात (सतराव्या ते एकोणिसाव्या शतकात) सुती दोरा घराघरांत पोचला आणि आया पोरींसाठी चेंडू करू लागल्या. आत जुन्या कापडाचे तुकडे, कुठे तुसं, कुठे ज़ेनमाई नावाच्या नेच्याची कोवळी लव. ती घातली की चेंडू चांगला उडतो. नव्या वर्षाला मुली गाणी म्हणत ते टप्पे देऊन खेळायच्या. नुसत्या मुलीच नव्हे. एचिगो प्रांतातला र्योकान (१७५८–१८३१) हा झेन भिक्षू बाहीत तेमारी घेऊन फिरायचा आणि भिक्षेला निघालेला वाटेत पोरांबरोबर खेळत बसायचा. पुढे मेजी काळात, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, रबरी चेंडू आला आणि तेमारीचं खेळणं संपलं, ती कपाटात जाऊन बसली. कानाझावा शहरात अजून सासरी निघालेल्या मुलीला आई तेमारी देते. तिथे सांगतात की १६०१ साली एदोहून, म्हणजे आजच्या टोकियोहून, तामाहिमे नावाची मुलगी तिथल्या सत्ताधारी माएदा घराण्यात सून म्हणून आली ती तेमारी घेऊन. वय वर्षे तीन. सून कसली, ती खेळायलाच आली असणार.

आईसाठी एक करायचा ठरवलं. सोळा भागांची शेवंती, जांभळा आणि पिवळा दोरा, एकही गाठ नाही. निशिकासाईत भाताची तुसं कुठून आणणार? घरात होतं ते आत भरलं. सप्टेंबरात एक ओळखीचे पुण्याला निघाले होते, त्यांच्याबरोबर पाठवला.

नवरात्रात आईचा फोन आला. चेंडू पोचला, शेजारच्या वहिनी बघून गेल्या, सगळ्यांनी हात लावून बघितला.

‘ठेवलायस कुठं?’ मी विचारलं.

‘देव्हाऱ्यात. घटाशेजारी. दिव्याच्या उजेडात काय दिसतोय म्हणून सांगू! बरं, तुसं तिथंपण मिळतात होय रे?’

‘नाही गं.’

‘मग आत काय घातलंयस?’

मी जरा थांबलो. ‘माझे ऑफिसचे जुने मोजे.’

पलीकडे बराच वेळ नुसती घंटी ऐकू येत होती, आरतीची वेळ झाली होती.

‘धुतलेले होते ना?’ आई म्हणाली.